फुकटच्या साधनाची किंमत

२०२१ सालच्या जानेवारी महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातील गोष्ट आहे. महाविद्यालये बंद होती, अध्यापन संगणकाच्या पडद्यावरून चालू होते आणि प्रस्तुत लेखक द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांना मागणीचा वक्र समजावून देत होता. किंमत बदलली म्हणजे आपण त्याच वक्रावर वर-खाली सरकतो, आणि उत्पन्न वा आवडनिवड बदलली म्हणजे सबंध वक्रच जागा सोडतो, हा भेद वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांतून चुकत आलेला आहे. खडू-फळ्याने तो सांगता येतो. परंतु वक्र डोळ्यांदेखत हलताना दिसला, तर मागच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही तो एका क्षणात उमगतो. याच हेतूने २०१० च्या सुमारास संगणकशास्त्र विभागातील एका हौशी विद्यार्थ्याला हाताशी धरून अशा अकरा हलत्या आकृत्या तयार करून घेतल्या होत्या. दहा वर्षे त्यांनी इमानेइतबारे सेवा केली. त्या दिवशी मात्र आकृती उघडली, तेव्हा पडद्यावर करड्या रंगाचा एक चौकोन आणि कोड्याच्या तुकड्यासारखी एक खूण एवढेच दिसले. खाली इंग्रजीत एक ओळ होती: ‘फ्लॅश प्लेयर’ला आता आधार उरलेला नाही. नेटवर्क गेले असावे असे समजून विद्यार्थी शांत बसून राहिले.

नेटवर्क गेलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘अडोबी’ या अमेरिकन कंपनीने आपल्या फ्लॅश प्लेयरची दुरुस्ती व देखभाल कायमची थांबविली होती आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या साधनाने स्वतःहूनच मजकूर दाखविणे बंद केले होते. ही तारीख काही अचानक आलेली नव्हती. २५ जुलै २०१७ रोजीच ती जाहीर झाली होती, म्हणजे जगाला जवळजवळ साडेतीन वर्षांची मुदत मिळाली होती. प्रस्तुत लेखकाने ती बातमी वाचलीही होती. परंतु आपल्या अकरा आकृत्यांचा तिच्याशी काही संबंध आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे शोभणारे नाही, हे मान्य केले पाहिजे.

फ्लॅशची कुळकथा थोडक्यात सांगावयास हवी. १९९६ साली ‘फ्यूचरवेव्ह’ नावाच्या लहानशा कंपनीने संगणकावर हलती चित्रे काढण्याचे एक साधन बाजारात आणले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मॅक्रोमीडिया’ने ते विकत घेऊन त्याचे ‘फ्लॅश’ असे नामकरण केले, आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच अडोबीच्या पोटात गेली. त्या काळी ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरील पाने दाखविणारा कार्यक्रम, हा मुख्यतः अक्षरे आणि स्थिर चित्रे जाणणारा प्राणी होता. हलते चित्र, आवाज, चित्रफीत यांपैकी काही हवे असेल, तर त्याच्या घरात एक पाहुणा आणून बसवावा लागे. या पाहुण्याला ‘प्लग-इन’ म्हणत. चित्रफितीसाठी तर एकाच वेळी तीन-तीन पाहुणे होते: रिअल प्लेयर, क्विकटाइम आणि विंडोज मीडिया. एकाची फीत दुसऱ्याला उमगत नसे, आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाचा अर्धा तास योग्य तो प्लेयर उतरवून घेण्यातच जाई. २००२ मध्ये फ्लॅशला चित्रफीत दाखविता येऊ लागली आणि हा गोंधळ मिटला. २००५ साली सुरू झालेली यूट्यूब पहिल्या दिवसापासून चालली, ती जवळजवळ प्रत्येक संगणकात फ्लॅश आधीच येऊन बसलेला होता म्हणून. त्याच्या अवगुणांचा पाढा वाचताना हे ऋण विसरणे अन्यायाचे होईल.

पाहणाऱ्याला फ्लॅश फुकट होता. चित्रे तयार करणाऱ्याला मात्र त्याचे निर्मितिसाधन विकत घ्यावे लागे, तेही शेकडो डॉलर मोजून. (आपल्याकडे ते कितीजणांनी पैसे देऊन घेतले, हा प्रश्न विचारू नये.) ही व्यवस्था अर्थशास्त्राला परिचित आहे. एका बाजूच्या ग्राहकाला वस्तू फुकट वाटावयाची, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या ग्राहकाला तेथे आल्यावाचून गत्यंतर राहत नाही. जितके प्रेक्षक अधिक तितके निर्माते अधिक, आणि जितके निर्माते अधिक तितके प्रेक्षक अधिक. एकदा हे चक्र फिरू लागले की वस्तूचे गुणदोष गौण ठरतात, आणि तिच्यातून बाहेर पडण्याचा खर्च हीच तिची खरी तटबंदी बनते. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन हा विषय मांडला होता. आपल्या कचेऱ्यांतील ज्या लिपिकांनी रेमिंग्टनच्या कळफलकावर मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आणि संगणक आल्यावरही ज्यांची बोटे त्याच जागा शोधत राहिली, त्यांना हा सिद्धांत पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही.

रकान्याबाहेरचा मजकूर

फ्लॅश गेला, तो प्रामुख्याने असुरक्षित म्हणून. या असुरक्षिततेचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ‘व्हायरस आला’ या दोन शब्दांत आपण ही सर्व चर्चा गुंडाळून टाकतो.

एखाद्या कचेरीत अर्जाचा छापील नमुना असतो. अर्जदाराने आपल्या रकान्यात लिहावे आणि खालची जागा साहेबांच्या शेऱ्यासाठी मोकळी सोडावी, असा संकेत असतो. आता एखाद्या धूर्त अर्जदाराने रकाना ओलांडून लिहीत-लिहीत शेऱ्याच्या जागेत स्वतःच ‘मंजूर’ असे लिहिले, आणि लिपिकाने हस्ताक्षर न पाहता तो शेरा साहेबांचाच समजून कार्यवाही केली, तर काय होईल? संगणकाच्या स्मृतीत हाच प्रकार घडविता येतो. बाहेरून आलेली फाइल स्वतःची लांबी एक सांगते आणि मजकूर त्याहून अधिक भरते. तिच्यावर विश्वास ठेवणारा कार्यक्रम तो मजकूर नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहितो, आणि तेथे जे लिहिले गेले तेच पुढे आज्ञा म्हणून अमलात येते. फ्लॅशचा अंतर्भाग अशा फटींनी भरलेला होता. २०१५ या एका वर्षात त्याच्यातील तीनशेहून अधिक दोषांची अधिकृत नोंद झाली. म्हणजे सरासरीने दररोज सुमारे एक!

या दोषांचे परिणाम काल्पनिक नव्हते. मार्च २०११ मध्ये अमेरिकेतील ‘आरएसए’ ही कंपनी अशाच एका फटीतून लुटली गेली. ही कंपनी कोणी सामान्य दुकानदार नव्हे. बँका आणि मोठमोठ्या उद्योगांना दर मिनिटाला बदलणारे सांकेतिक आकडे पुरविणारी, थोडक्यात इतरांना कुलपे विकणारी ही पेढी. तिच्या काही कर्मचाऱ्यांना ‘२०११ ची भरती योजना’ अशा अर्थाच्या नावाचा एक्सेलचा तक्ता टपालाने आला, एकाने तो उघडला, आणि त्या तक्त्यात दडवून ठेवलेल्या फ्लॅशच्या तुकड्याने पुढचे काम केले. कोणत्या कचेरीतील कोणता लिपिक भरतीचा तक्ता उघडणार नाही? २०१५ च्या जुलैत तर इटलीतील ‘हॅकिंग टीम’ या कंपनीचे स्वतःचेच दप्तर फुटले. सरकारांना हेरगिरीची साधने विकणे हा तिचा धंदा. त्या दप्तरात फ्लॅशमधील असे दोष सापडले, की जे अडोबीलाही ठाऊक नव्हते. ज्या फटी मालकाला दिसत नाहीत त्या परक्याने हेरून विकाव्यात, इतकी या मालाला बाजारपेठ निर्माण झाली होती. त्याच महिन्यात फायरफॉक्स ब्राउझरने फ्लॅश आपल्या दारात रोखून धरला.

दोष कोणत्या कार्यक्रमात नसतात, असा प्रश्न येथे विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. आज त्याची जागा घेतलेल्या ब्राउझरांतही दोष सापडतातच. फरक आहे तो तीन गोष्टींत. फ्लॅशची आतील रचना बंद होती, त्यामुळे डागडुजी करण्याचा अधिकार आणि सामर्थ्य एकाच घराकडे होते. तो सर्व संगणकांत एकसारखा होता, त्यामुळे एका फटीतून सारे जग उघडे पडे. आणि त्याची दुरुस्त आवृत्ती बसविण्याचे काम वापरणाऱ्यावर सोडलेले होते. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे सर्वांत घातक ठरली. ज्या तालुका कचेरीत संगणकावर नवे काही बसविण्याचा अधिकार फक्त जिल्ह्याच्या ठिकाणच्या तंत्रज्ञाला आहे, आणि तो तंत्रज्ञ तिमाहीत एकदा येतो, तेथे आठवड्या-आठवड्याला येणारी दुरुस्ती कोण बसविणार होते?

उत्तर कोणी शोधले?

पर्यायाची कल्पना साधी होती. चित्रफितीसाठी पाहुणा बोलाविण्याऐवजी ब्राउझरनेच ती दाखवावी, आणि ज्याप्रमाणे पानात चित्र कोठे आहे हे सांगणारी एक सर्वमान्य खूण असते, तशीच चित्रफितीचीही असावी. नॉर्वेतील ‘ऑपेरा’ या ब्राउझर बनविणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी २००७ मध्ये ही सूचना मांडली. पुढे एचटीएमएल-५ या मानकात ती समाविष्ट झाली आणि २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम’ या मानके ठरविणाऱ्या संस्थेने त्यावर अखेरचे शिक्कामोर्तब केले. यूट्यूबने २०१५ च्या जानेवारीत फ्लॅशला मागच्या दाराची वाट दाखविली. दरम्यान अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी एप्रिल २०१० मध्ये एक जाहीर पत्र लिहून, आयफोनवर फ्लॅश का येऊ देणार नाही, याची कारणे दिली होती. बंदिस्तपणा, असुरक्षितता, विजेरीवर पडणारा भार ही ती कारणे बव्हंशी खरी होती. परंतु आपल्या फोनवर कोणता कार्यक्रम चालेल आणि कोणता नाही, हे सर्वस्वी स्वतःच ठरविणाऱ्या कंपनीने दुसऱ्याला बंदिस्तपणाचा दोष द्यावा, याची गंमत तेव्हाही अनेकांना वाटली होती.

मानक ठरले म्हणजे तंटा मिटला, असेही झाले नाही. खूण सर्वमान्य झाली, पण तिच्यामागे चित्रफीत कोणत्या पद्धतीने दाबून बसवावी, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. ‘एच.२६४’ ही पद्धत उत्तम, परंतु तिच्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क. ‘थिओरा’ ही मुक्त, परंतु बड्या कंपन्यांनी नाकारलेली. गूगलने २०१० मध्ये स्वतः विकत घेतलेली एक पद्धत सर्वांना खुली करून दिली, ‘सिस्को’ने २०१३ मध्ये एच.२६४ चा परवानाशुल्काचा भार स्वतः उचलण्याचे जाहीर केले, आणि अखेर २०१८ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘एव्ही-१’ ही शुल्कमुक्त पद्धत सिद्ध केली. येथे एक गोष्ट अभिमानाने नमूद करावीशी वाटते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने संगणकशिक्षणाचे आपले धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले, ते त्या नाकारलेल्या परंतु मुक्त अशा थिओरा पद्धतीतच. ते पाहण्यासाठी कोणाच्या परवान्याची गरज नव्हती, आणि फ्लॅश बंद पडल्याने त्यांतील एकही धडा करडा झाला नाही.

सर्वमान्य मानकाचे मोल नाशिककरांना वेगळे सांगण्याची आवश्यकता पडू नये. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून परतले, ते विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र घेऊन. त्या काळी कच्ची फिल्म कोरी येत असे. घरच्या अंधाऱ्या खोलीत तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडण्याचे जिकिरीचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतले होते. ही छिद्रे कशी पाडावयाची? पस्तीस मिलिमीटर रुंदीची पट्टी आणि दर चौकटीमागे प्रत्येक कडेला चार छिद्रे, हे माप एडिसनच्या कार्यशाळेतून निघालेले होते आणि १९०९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत युरोपातील निर्मात्यांनीही ते स्वीकारले होते. सरस्वतीबाईंनी दादरच्या घरात त्याच मापाने छिद्रे पाडली, म्हणूनच ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहातील परदेशी यंत्रावर विनासायास चालला. ते यंत्र कोणत्या कंपनीचे आहे, हे फाळक्यांना विचारावे लागले नाही. पुढे त्याच वर्षी ते नाशिकला आले आणि येथे बसून त्यांनी जे चित्रपट काढले, तेही देशभर याच छिद्रांच्या आधाराने फिरले. प्रत्येक चित्रपटगृहाच्या मालकाने आपापले माप ठरविले असते, तर नाशिकमधील एका ध्येयवेड्या माणसाचा धंदा तिसऱ्या गावाला पोहोचण्यापूर्वीच बुडाला असता. (योगायोग असा की, इंटरनेटवरील ‘वेब’चे तंत्र जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेने कोणत्याही शुल्काविना जगाला खुले करून दिले, ती तारीखही ३० एप्रिलच; साल १९९३.)

स्थलांतराचे बिल

हे सर्व मान्य केले, तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतो. असुरक्षित साधन गेले आणि खुले मानक आले, हे समाजाच्या एकूण हिताचे झाले. पण या स्थलांतराचा खर्च कोणी सोसला?

ज्यांच्यापाशी माणसे आणि पैसा होता, त्यांनी वेळीच घर बदलले. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने विज्ञानाच्या आपल्या जावा आणि फ्लॅशमधील प्रयोगाकृती वर्षानुवर्षे खपून नव्या मानकात उतरविल्या. त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याची कथा याच्या उलट. त्यांचे काही विवरण अर्ज फ्लॅशमध्ये होते आणि मुदत टळून गेली, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये त्या खात्याने केवळ आपले अर्ज भरता यावेत म्हणून फ्लॅश चालविणारा एक स्वतंत्र ब्राउझरच नागरिकांच्या हाती दिला! चीनमधील दालियन येथील रेल्वे आगारात वेळापत्रकाचे कामकाज अडले आणि शेवटी जुनीच आवृत्ती पुन्हा बसवून वेळ निभावली गेली. रोगट म्हणून जगाने टाकून दिलेले साधन सरकारी कार्यालयांनी मुद्दाम पुन्हा घरात घ्यावे, ही स्थलांतराच्या खर्चाची बोलकी मोजदाद आहे.

आपल्या जिल्ह्याकडे वळू. सुरगाणा तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत माझे एक जुने मित्र शिक्षक आहेत. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेचे उदाहरण पाहून राज्यभर ‘डिजिटल शाळे’ची जी लाट आली, त्या लाटेत त्यांच्या गावानेही वर्गणी काढली. कोणी शंभर दिले, कोणी नागलीचे पोते दिले. त्या पैशांतून प्रोजेक्टर, एक संगणक आणि एका विक्रेत्याकडून पहिली ते चौथीच्या धड्यांचा संच आला. संचातील धडे ब्राउझरमध्ये उघडत, आणि संगणक बदलल्यास विक्रेत्याकडून सांकेतिक क्रमांक घ्यावा लागे. २०२१ नंतर धडे उघडेनात. विक्रेत्याचा दूरध्वनी लागेना. मित्राने मला विचारले, “सर, यात आमची चूक काय झाली?” मला उत्तर देता आले नाही. २०१७ सालची ती जाहीर सूचना त्या गावापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची होती, हे आजही मला सांगता येणार नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी आपण आणे-पै सोडून नवे पैसे स्वीकारले आणि त्यापाठोपाठ शेर-मण सोडून किलोग्रॅम. तेव्हाही तक्रारी झाल्या, आठ आण्यांचे पन्नास पैसे होतात पण एका आण्याचे नेमके किती, यावरून दुकानात तंटे झाले. परंतु तो बदल शासनाने घडविला होता. जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालू राहिली, रूपांतराची कोष्टके दुकानादुकानांतून टांगली गेली, शाळेत गणिते बदलली. मानक बदलताना दुबळ्याला हात देण्याची काही व्यवस्था तेथे होती. फ्लॅशच्या बाबतीत बदल घडविणाऱ्या साऱ्या संस्था परदेशी आणि खाजगी होत्या. त्यांनी आपल्या दृष्टीने पुरेशी मुदत दिली. सुरगाण्यात ती मुदत कोणी जाहीर करावी, हा त्यांचा विषय नव्हता. तो आपला होता.

मराठी माणसाला तर हा धडा एकदा मिळून चुकला होता. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याकडील मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांत टंकित होत असे. प्रत्येक संचाची आतील मांडणी निराळी. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर जावे, तर आधी त्या वृत्तपत्राचा अक्षरसंच उतरवून घ्यावा लागे. एका कचेरीतून आलेले पत्र दुसऱ्या कचेरीत उघडले, तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसे. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ मध्येच झाले होते आणि युनिकोडमध्येही देवनागरीला त्याच वर्षी स्थान मिळाले होते. तरीही केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक म्हणून जाहीर करावयास २००९ साल उजाडले. मधल्या काळात टंकित झालेल्या किती फायली, किती प्रबंध, किती ग्रामपंचायतींची किती इतिवृत्ते आज वाचता येत नाहीत, याची गणती करण्याचे धाडस कोणी केलेले नाही. ज्या लिपिकांनी ती टंकित केली ते निवृत्त झाले, आणि ज्या संगणकात तो अक्षरसंच होता तो भंगारात गेला.

याच्यावर उपाय नव्हता असे नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण अधिसूचित केले. मानक कोणाही एकाच्या मालकीचे नसावे, त्यासाठी शुल्क द्यावे लागू नये, त्याचा तपशील सर्वांना उपलब्ध असावा, अशी त्या धोरणाची दिशा होती. ती योग्यच होती. मात्र हे धोरण शासकीय कारभारापुरते होते. शाळेच्या वर्गणीतून, महाविद्यालयाच्या विकास निधीतून, आमदारांच्या निधीतून होणाऱ्या खरेदीपर्यंत त्याचा आत्मा उतरला नाही. आपल्या निविदांत प्रोजेक्टरची प्रकाशक्षमता असते, पडद्याची लांबी-रुंदी असते, तीन वर्षांची हमी असते. धडे कोणत्या मानकात आहेत, त्यांच्या मूळ, म्हणजे दुरुस्त करता येतील अशा फायली खरेदीदाराला मिळणार की नाही, आणि विक्रेता उद्या नाहीसा झाला तर त्या कोणी वापरावयाच्या, याबद्दल एक ओळ नसते. शिजविलेले अन्न विकत घेतले तर ते संपते; बियाणे मागण्याचे आपल्याला सुचलेच नाही.

आता ब्राउझरला चित्रफीत दाखविता येते, मानक खुले आहे, तेव्हा हा विषय इतिहासजमा झाला, असे समजणे मात्र भोळेपणाचे होईल. त्याच मानकसंस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे फ्लॅशच्या मृत्युपत्रानंतर दोनच महिन्यांनी, कुलूपबंद चित्रफितींसाठी ब्राउझरमध्ये पुन्हा एक बंदिस्त कोनाडा ठेवण्यास मान्यता दिली. भाड्याने चित्रपट दाखविणाऱ्यांच्या दृष्टीने ती गरज असेल. त्याहून काळजीची बाब आपल्या घरात आहे. टाळेबंदीच्या दोन वर्षांत राज्यातील शिक्षकांनी मराठीतून असंख्य पाठ चित्रित केले आणि यूट्यूबवर चढविले. चित्रफितीचे मानक खुले, पण चित्रफीत एकाच परदेशी कंपनीच्या कोठारात, आणि बहुतेकांकडे तिची दुसरी प्रत नाही. फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ प्रत पुसून टाकलेली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्या निर्णयाची राष्ट्रीय सुरक्षेची कारणे काहीही असोत, गावोगावच्या हौशी कलावंतांचे सारे काम एका रात्रीत त्यांच्या नजरेआड झाले. तेथे ना फ्लॅश होता, ना त्याचे दोष.

या संदर्भात नाशिकला एक काम सहज करता येण्यासारखे आहे. गंगापूर धरणाजवळ ‘ज्ञानगंगोत्री’त यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे आणि दूरस्थ शिक्षणाचे साहित्य तयार करणे हा त्याचा नित्याचा व्यवसाय आहे. शिक्षकांनी स्वखुशीने दिलेल्या पाठांची एक प्रत, खुल्या मानकात आणि मूळ फायलींसह, सांभाळून ठेवणारे कोठार अशा विद्यापीठाच्या आवारात असावयास हरकत नाही. यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. दोन यंत्रे, एक तंत्रज्ञ आणि एक जबाबदार ग्रंथपाल पुरे. खर्च कोणत्याही शासकीय सोहळ्याच्या मंडपाहून अधिक येऊ नये. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आज काही भागच उपलब्ध आहेत, आणि चित्रपट जपण्यासाठी पुण्याला राष्ट्रीय संग्रहालय स्थापन व्हावयास १९६४ साल उजाडले होते. तो चित्रपट प्रथम दाखविला गेला त्यानंतर तोवर अर्धशतक उलटले होते.

असो. माझ्या अकरा आकृत्यांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्यांच्या मूळ फायली ज्या विद्यार्थ्याच्या संगणकात होत्या, तो संगणक त्याच्या घरच्यांनी कधीच विकून टाकला होता. प्रत मागून घेण्याचे मला सुचले नव्हते. उरल्या होत्या त्या फक्त चालविण्याच्या फायली. पुढे ‘रफल’ नावाचा एक कार्यक्रम असल्याचे समजले. जगभरातील स्वयंसेवकांनी तो खुल्या पद्धतीने लिहिला आहे, जुना फ्लॅश न बसविता तो फ्लॅशच्या फायली चालवून दाखवितो, आणि अमेरिकेतील ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने नोव्हेंबर २०२० पासून त्याच्या आधारे जुन्या चित्रकृती जतन करण्यास प्रारंभ केला आहे. त्यात टाकून पाहिल्या, तेव्हा अकरांपैकी नऊ आकृत्या हलल्या. दोन हलल्या नाहीत. त्यांपैकी एक, मागणीतील वृद्धीची, तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने नव्या मानकात एका दुपारात नव्याने काढून दिली, आणि या वेळी मूळ फाइल मी लगेच मागून घेतली. दुसरी उदासीनता वक्राची होती. ती मी सध्या फळ्यावर खडूने काढतो.